नेच्यावरील ढेकण्या ओळखताना
युरोपात ब्रॅकन नेच्यावर आढळणारा मोनॅलोकोरिस फिलिसिस हा ढेकण्या जेमतेम २ ते ३ मिलिमीटर लांबीचा असल्याने, खाली पांढरे कापड धरून पाने झटकावीत आणि पडलेले कीटक भिंगाखाली पाहावेत. डोक्यावर साधे नेत्र (मोठ्या संयुक्त डोळ्यांखेरीजचे ठिपक्यांसारखे लहान डोळे) नसणे, शृंगिका चार खंडांच्या असणे आणि पुढच्या पंखाच्या कडेला क्युनियस हा त्रिकोणी भाग असणे, ही मिरिडी कुलाची लक्षणे होत. कोकणातील काजूवरचा ढेकण्याही याच कुलातला आहे. नेच्यांवरच राहणाऱ्या ब्रायोकोरिस टेरिडिसचे पंख मात्र बहुधा आखूड असतात. केवळ रंगावर विसंबू नये. नव्या जातीचे वर्णन करताना नराच्या जननेंद्रियांची रचना रेखाटावी, एकच नमुना होलोटाइप, म्हणजे त्या जातीच्या नावाचा अधिकृत आधार, म्हणून नेमावा आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर नेच्याचे नाव आवर्जून लिहावे. त्यावाचून नमुना, माझ्या मते, अपुराच राहतो.