टिक असलेल्या मुलात नवी हालचाल दिसली तर

डोळे मिचकावणं, मान उडवणं, घसा खाकरणं. मुलाला टिक, म्हणजे असा पुन्हा पुन्हा येणारा झटका, आहे हे एकदा ठरलं की पुढची प्रत्येक हालचाल घरचे त्याच खात्यात टाकतात. घोटाळा तिथेच होतो. टिकच्या जोडीला हालचालींचा दुसरा आजार असू शकतो, कधी तो टिकच्या औषधानेच येतो, आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

टिक बहुधा 4 ते 6 वर्षांच्या वयात सुरू होते आणि 10-12 च्या सुमारास जोर धरते. झटका ठरलेला असतो, आणि मूल तो थोडा वेळ दाबू शकतं. मोठी मुलं सांगतातही, की आधी आत काहीतरी दाटून येतं. तीन वर्षांच्या आतच आनंदात हात फडफडवायला लागलेलं आणि हाक मारली की थांबणारं मूल वेगळं. त्याला सहसा औषध लागत नाही.

जास्त लक्ष कोरियाकडे द्या, म्हणजे अंगात आपोआप होणाऱ्या अनियमित हालचालींच्या आजाराकडे. 5 ते 15 वयात, घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अक्षर बिघडतं, घास सांडतो, हातातला पेला सुटतो. हालचाल ठरलेली नसते. या बोटातून त्या खांद्यात वाहत जाते. तुमची दोन बोटं मुलाला मुठीत धरायला सांगा. पकड घट्ट-सैल-घट्ट होत राहिली, जणू गाईची धार काढतोय, तर संशय घ्या. निफाड-सिन्नरच्या मळ्यात वाढलेल्याला हे जास्त समजवावं लागत नाही. मग जीभ बाहेर काढून 10 आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायला सांगा. ती आत-बाहेर होत असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठा. हा संधिवाताच्या तापाचा (ऱ्हुमॅटिक फीवरचा) भाग असू शकतो, म्हणून हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, लागते. हालचाली काही महिन्यांत आपोआप थांबतात, आणि लोक पेनिसिलिनही थांबवतात. ते इंजेक्शन हृदयाच्या झडपांसाठी असतं, दर 3-4 आठवड्यांनी, कित्येक वर्षं.

टिकसाठी हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एकीकडे वळून अडकली, डोळे वर गेले, जबडा आवळला, तर दृष्ट काढत बसू नका. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन थेट कॅज्युअल्टीत जा. इंजेक्शनने सहसा अर्ध्या तासात उतरतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनेही असं होतं. मूल एका जागी बसूच शकत नसेल तर तो खोडकरपणा समजू नका, औषधाचा परिणाम असू शकतो. महिनोन्‌महिने औषध चालल्यावर ओठ चावणं, जीभ फिरवणं सुरू झालं तर डॉक्टरांना कळवा, पण गोळी एकदम तोडू नका. त्यानेही नव्या हालचाली उसळतात.

हात थरथरणं, बोलणं जड होणं, लाळ गळणं आणि आधी कावीळ झालेली असणं, असं जुळलं तर अंगात तांबं साठण्याच्या आजाराची, म्हणजे विल्सनची तपासणी मागा: रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहणारं प्रथिन) आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकावर, डोळे. डोळे मिचकावताना नजर काही सेकंद शून्यात जाते आणि हाकेला ओ येत नाही, तर ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, काढायला सांगा.

सुरगाण्याहून एसटीने नाशिकला आणलेलं मूल तपासणीच्या खोलीत गप्प बसतं, हे ठरलेलंच. म्हणून घरीच व्हिडिओ काढा: पूर्ण अंग दिसेल असा, दोन मिनिटांचा. बसलेलं, हात समोर ताणलेले, लिहिताना, चालताना. एक त्याला नकळत, एक झोपेतला. सोबत कागदावर औषधांची नावं, सुरू केल्याच्या तारखा आणि हालचाल पहिल्यांदा दिसली तो दिवस.