टचडाऊन झाला की लगेच 7 लिहू नका

अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) नेल्याचे, गुण 6. सातवा गुण कन्व्हर्जनचा, म्हणजे टचडाऊननंतरच्या जादा प्रयत्नाचा, आणि ती वेगळी खेळी असते: घड्याळ बंद, संधी एकच. किक खांबांमधून गेली तर 1 गुण, चेंडू धावून किंवा पासने एंड झोनमध्ये नेला तर 2. खांब तेच दिसतात म्हणून फील्ड गोलचे (एरवीच्या खेळात खांबांमधून मारलेल्या किकचे) 3 मांडणारेही भेटतात. त्यांना काय सांगणार!

खरी खोड मात्र वेगळीच. कन्व्हर्जन फसलं तर फार तर शून्य, असं धरून चालायचं. कबड्डीत चढाई फसली की गुण समोरच्याला जातो हे पोरालाही कळतं, इथे मात्र विसर पडतो. एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) 2015 पासून बचाव करणाऱ्या संघाने चेंडू मिळवून थेट पलीकडच्या एंड झोनमध्ये नेला तर त्यांना 2 गुण मिळतात. कॉलेज फुटबॉलमध्ये हे 1988 पासूनच आहे.

13 नोव्हेंबर 2016, न्यू ऑर्लिन्स. दीड मिनिट उरलं नसताना यजमान सेंट्सनी टचडाऊन करून डेन्व्हर ब्रॉन्कोसना 23-23 वर गाठलं. आता एक किक आणि आघाडी. ब्रॉन्कोसच्या जस्टिन सिमन्सने समोरच्या रांगेवरून उडी मारून ती किक अडवली, विल पार्क्सने चेंडू उचलला आणि सरळ दुसऱ्या टोकाला पोचला. ब्रॉन्कोस 25, सेंट्स 23, आणि निकालही तोच. तीनच आठवड्यांनी अटलांटात टचडाऊन करून फाल्कन्स चीफ्सविरुद्ध 28-27 असे पुढे होते. आघाडी 3 ची झाली तर समोरच्यांच्या फील्ड गोलने फक्त बरोबरी होईल, म्हणून ते 2 साठी गेले. हिशेब चोख होता. चीफ्सच्या एरिक बेरीने पास मध्येच पकडून उलटी धाव घेतली आणि सामना 29-28 असा चीफ्सनी जिंकला.

म्हणून 6 लिहा आणि पेन खाली ठेवा. पंचांनी पिवळं फडकं (फाऊलची खूण) टाकलंय का तेही बघा. किकच्या वेळी बचावाकडून फाऊल झाला तर चेंडू एंड झोनपासून 1 यार्डावर घेऊन संघ बेत बदलू शकतो, किक सोडून 2 साठी जाऊ शकतो.

बचावाने 2 गुण मिळवले तरी पुढचा किकऑफ (खेळ पुन्हा सुरू करताना चेंडू समोरच्यांकडे मारणं) टचडाऊन करणाऱ्यांचाच.

अंतरं मिसळू नका. एनएफएलमध्ये 2 गुणांसाठी चेंडू 2 यार्डावर, किकसाठी 15 यार्डावर; त्यात एंड झोनचे 10 आणि मागे चेंडू टेकवायचे साधारण 8 धरले की 33 यार्डांची किक होते. कॉलेजमध्ये दोन्ही 3 यार्डावरून.

एनएफएलचे 1994 च्या आधीचे सामने बघताना 2 गुणांचा पर्याय शोधू नका, तो नव्हताच.

आणि ‘14 नी मागे असताना टचडाऊन झाला की किकच मारायची’ हा घोकलेला नियम सोडा. 2 चा प्रयत्न निम्म्या वेळा जमतो आणि किक चुकत नाही असं धरा. समोरचे आणखी गुण करत नाहीत असंही. पहिल्या टचडाऊननंतर 2 जमले तर दुसरा टचडाऊन आणि किक यांवर सामना खिशात. नाही जमले तर दुसऱ्यांदा 2 मिळवून बरोबरी साधता येते. म्हणजे 50 टक्के विजय, 25 टक्के बरोबरी, 25 टक्के हार. दोन्ही वेळा किक मारली तर हाती फक्त बरोबरी, पुढे ओव्हरटाइमचं नशीब. हे एकदा कागदावर मांडून बघा, मग प्रशिक्षकाला वेड्यात काढा.