मोहिमेला यश आलं का? स्वयंसेवकांकडून नोंदी करून घेताना या चुका टाळा

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये गुदमरून गेलेल्या सफाई कामगारांच्या घरच्यांना भरपाई मिळावी म्हणून ठाण्यातल्या आमच्या छोट्या गटाने बरीच पत्रं पाठवली, माहिती अधिकारात अर्ज टाकले. मग प्रश्न आलाच, की या खटाटोपाने काही झालं का? आलेल्या उत्तरांचा गठ्ठा घेऊन एका रविवारी नौपाड्यातल्या एका क्लासच्या खोलीत कॉलेजची मुलं बसवली. कागद वाचायचा आणि शीटमधल्या 'निकाल' या रकान्यात 'यश', 'अंशतः' किंवा 'काही नाही' भरायचं. संध्याकाळपर्यंत आकडे झकास दिसायला लागले. शंका तिथेच यायला हवी होती.

एका कार्यालयाचं उत्तर होतं, 'सदर प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले आहे.' तो कागद चुकून तिघांकडे गेला. एकीने 'यश' लिहिलं. दुसऱ्याने 'अंशतः', का तर "नोंद तरी घेतली ना, दादा." तिसरीचे वडील सरकारी कार्यालयात कारकून; तिने 'काही नाही' लिहिलं आणि बरोबर तीच होती. नस्ती म्हणजे फाइल. नस्तीबद्ध म्हणजे फाइल बांधून कपाटात. 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित'चंही तेच, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला एवढंच. तो चुकून तिघांकडे गेला नसता तर आम्हाला पत्ताही लागला नसता.

चूक मुलांची नव्हती, रकान्याची होती. स्वयंसेवकाला 'यश आलं का' असं विचारूच नये. कागदावर काय दिसतं ते विचारावं. उत्तर आलं का? आदेश निघाला का? गुन्हा दाखल झाला का? रक्कम मंजूर झाली का, आणि (हा वेगळा रकाना) खात्यात जमा झाली का? मंजूर आणि जमा यांच्यात कधीकधी वर्ष जातं, त्यामुळे आपण शेवटचं कधी तपासलं ती तारीखही हवी. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने २०१८मध्ये सीरियातल्या रक्का शहराच्या उपग्रहचित्रांवर हजारो लोकांना बसवलं, तेव्हा त्यांना युद्धगुन्ह्याबद्दल मत विचारलं नव्हतं. ही इमारत कोणत्या तारखेच्या चित्रात उभी आहे आणि कोणत्या चित्रात पडलेली, एवढंच टिपायचं होतं. अर्थ लावायचं काम नंतरचं, आणि ते दुसऱ्यांचं.

एकच कागद निदान दोघांनी, एकमेकांचं न बघता वाचावा. पण 'आमचं ८२ टक्के जुळलं' म्हणून पेढे वाटू नका. शंभरातल्या नव्वद कागदांवर उत्तर 'नाही' असेल, तर दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात 'नाही' भरलं तरी सरासरी ८२ टक्के जुळतं: ०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१. हा योगायोग वजा करून जुळणी मोजायला जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये कप्पा हे माप दिलं. गणित नको असेल तर सोपी वाट आहे. पहिले वीस कागद सगळ्यांनी वाचायचे आणि जिथे जुळत नाही तिथे भांडायचं. त्या भांडणातून निघालेले नियम लिहून भिंतीवर लावा.

रिकामा चौकोन म्हणजे 'नाही' नव्हे. 'माहीत नाही' असा पर्याय ठेवा, नाहीतर बेरजेत तो अपयशात जातो. मृतांची नावं, घरच्यांचे फोन नंबर मात्र त्या शीटमध्ये नकोतच, त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाला एक क्रमांक द्या.

आता सगळ्यात मोहाची चूक. पत्रानंतर पैसे आले, म्हणून पत्रामुळे आले. सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१४ला १९९३पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख द्यायला सांगितलं, २० ऑक्टोबर २०२३ला ती रक्कम ३० लाख केली. निकालानंतरच्या महिन्यांत फायली हलल्या, तर त्याचं श्रेय आपल्या लेटरहेडला कसं द्यायचं? त्याच काळातली, आपण हात न लावलेली प्रकरणं शेजारी ठेवून बघा. तरी सावध राहा. ज्यांच्यामागे युनियन आहे अशीच प्रकरणं आपल्यापर्यंत पोचतात, आणि ती आपण नसतो तरी हलली असती.

आमच्या शीटमधलं सर्वांत ठळक 'यश' कळव्याचं होतं: ७ मेचं पत्र, १२ जूनला चेक. त्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र? ते तर चेक आल्यावर आलं." मूळ प्रत काढली. पत्र ५ जुलैचं. मुलाने ०५/०७ टाइप केलं होतं आणि अमेरिकी सेटिंगवरच्या (महिना आधी, दिवस नंतर) शीटने ते परस्पर ७ मे करून टाकलं होतं. तेव्हापासून तारखेसाठी दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने ठेवतो, महिना अक्षरांत.