दिवाळी ते नाताळ: अमेरिकेतल्या घरातलं पाणी सांभाळताना

फराळाच्या कढया चढल्या की तिथपासून जानेवारीत भारतातून परत येईपर्यंतचा काळ इथल्या घरातल्या पाइपांना सगळ्यात जड जातो. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवसाला प्लंबर लोक ‘ब्राउन फ्रायडे’ म्हणतात, इतकी सिंक आणि संडास त्या दिवशी तुंबतात. सुट्टीत प्लंबर लवकर मिळत नाही आणि मिळालाच तर दर चढा लावतो.

म्हणून नव्या घरात आल्यावर आधी मेन व्हॉल्व्ह, म्हणजे सगळ्या घराचं पाणी बंद करणारी मुख्य झडप, शोधून ठेवा. थंड राज्यांत तो बहुधा बेसमेंटमध्ये रस्त्याकडच्या भिंतीपाशी असतो, उबदार राज्यांत गराजमध्ये किंवा बाहेरच्या भिंतीवर. दांडी असेल तर ती पाइपाला आडवी केली की पाणी बंद. गोल चक्र असेल तर उजवीकडे फिरवा, पण जुनं असेल तर जोर करू नका. एकदा बंद करून नळ सोडून बघा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर कमोडमागचे, सिंकखालचे आणि वॉशिंग मशीनमागचे व्हॉल्व्ह माहीत हवेत, आणि मेंटेनन्सचा रात्रीचा नंबर फोनमध्ये हवा.

आता फराळ. तळणाचं तेल, तूप, चकलीच्या पिठाचं पाणी, यातलं काहीही सिंकमध्ये ओतू नका. सिंकखालचा पाइप जेमतेम दीड इंचाचा असतो. गरम पाणी आणि साबण सोडला तर तूप वितळून पुढे जातं, पण भिंतीतल्या थंड पाइपात पुन्हा थिजतं, म्हणजे तुंबणारी जागा तुमच्या हाताबाहेर जाते. तेल पूर्ण गार करून रिकाम्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा आणि कचऱ्यात टाका. कढई आणि झारा आधी पेपर टॉवेलने पुसा, मगच धुवा.

गार्बेज डिस्पोजलवर, म्हणजे सिंकखाली खरकटं दळणाऱ्या यंत्रावर, फार भरवसा ठेवू नका. भात फुगतो, बटाट्याच्या सालांचा चिकट लगदा होतो, शेवग्याच्या शेंगांचे आणि नारळाच्या शेंडीचे धागे पात्याभोवती गुंडाळतात. हे सगळं कचऱ्यातच जाऊ द्या. डिस्पोजल चालवताना थंड पाणी सोडा आणि बंद केल्यावरही वीसेक सेकंद वाहू द्या. ते नुसतं गुणगुणत असेल तर स्विच बंद करा. बहुतेक मॉडेलांच्या बुडाशी मधोमध भोक असतं. त्यात पाव इंची ऍलन की (षटकोनी दांडीची किल्ली) घालून दोन्हीकडे फिरवा, अडकलेलं चिमट्याने काढा आणि खालचं लाल बटण दाबा. आत हात घालायचा नाही, कधीच नाही.

नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान जरूर करा, पण इथल्या बाथरूमच्या जमिनीला सहसा मोरी नसते. टबाबाहेर सांडलेलं पाणी फरशीखाली मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छतातून गळतं. पडदा टबाच्या आत सोडा. भारतातून आलेल्या आईबाबांनाही हे पहिल्याच दिवशी सांगा. तेल, उटणं आणि केस एकत्र आले की ड्रेनमध्ये घट्ट गोळा होतो, म्हणून केस अडवणारी जाळी बसवा. तुंबलंच तर काटेरी प्लास्टिकची पट्टी घालून केस ओढून काढा. ड्रेन क्लीनर ओतून वर प्लंजर मारू नका, ते रसायन अंगावर, डोळ्यात उडतं. पाहुणे येण्याआधी कमोडसाठी खाली रबरी गळा असलेला प्लंजर आणून ठेवा. वाइप्सच्या पाकिटावर ‘फ्लशेबल’ लिहिलेलं असलं तरी ते डब्यातच टाका.

डिसेंबरात भारतात जाताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि बर्फ व बंद नळ यांच्यामध्ये दाब वाढून पाइप फुटतो. बाहेर 20 फॅरनहाइटच्या खाली गेलं की धोका खरा. हे फक्त शिकागोकडचं दुखणं नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात असंख्य घरांचे पाइप फुटले. हीटिंग बंद करून जाऊ नका, थर्मोस्टॅट किमान 55 फॅरनहाइटवर ठेवा. बाहेरच्या नळाचा होज काढा, त्याचा आतला व्हॉल्व्ह बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवा. मग मेन बंद करा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा. वॉटर हीटर ‘व्हेकेशन’वर ठेवा. घरात फायर स्प्रिंकलर असतील तर मेन बंद करण्याआधी त्यांची लाइन वेगळी आहे का ते विचारून घ्या. कुणा मित्राला आठवड्यातून एकदा चक्कर मारायला सांगा.

परत आल्यावर एक नळ उघडा ठेवून मेन हळूहळू सोडा; हवा निघेपर्यंत नळ फुसफुसेल. बाथरूममध्ये गटाराचा वास येत असेल तर ड्रेनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी आटलेलं असतं. प्रत्येक ड्रेनमध्ये दोन-तीन तांबे पाणी ओता, वास थांबतो.