पहिली रहस्यकादंबरी खान्देशात घडवायची असेल तर: गुंत्यापासून रॉयल्टीपर्यंत

रहस्यकथेला धुकं, हवेली आणि वादळी रात्र लागते हा समज आधी डोक्यातून काढा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात रात्री दोन वाजता माणूस शेतात दिसला तर कुणी भुवई उंचावत नाही, कारण बऱ्याच फीडरवर (शेतीच्या वीजवाहिन्यांवर) पाण्याची मोटर चालवणारी थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रपाळीतच येते. म्हणजे गावातल्या निम्म्या पुरुषांना मध्यरात्री घराबाहेर असण्याचं सरळ कारण आहे. असं कारण आयतं मिळत असताना खून पुण्याच्या बंगल्यात का घडवायचा?

विषय शोधायला दोन जागा उत्तम. एक, वर्तमानपत्राचं जिल्हा पान. दुसरी त्याहून मोलाची: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सत्र न्यायालयांची निकालपत्रं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. त्यात पंचनामा असतो, शवविच्छेदनातले तपशील असतात, फितूर झालेले पंच असतात आणि उलटतपासणीत साक्षीदार कुठे घसरला तेही असतं. दहा-बारा निकाल वाचले की खून बहुधा बांध, पैसा, दारू किंवा संशय यांवरून होतो हे कळतं. तिथून हेतू घ्या, घटना घेऊ नका. गाव, नातं, धंदा आणि मारण्याची पद्धत या चारही गोष्टी बदलल्या नाहीत तर पुस्तक आल्यावर लोक बरोबर ओळखतात, आणि मग अब्रुनुकसानीची नोटीस घरी येऊ शकते.

गुंता कसा बांधायचा

आधी गुन्ह्याची खरी हकिगत लिहून काढा, कादंबरी नंतर. मोठ्या कागदावर उभ्या रकान्यांत पात्रं, आडव्या ओळींत तास. प्रत्येक पात्र त्या रात्री प्रत्येक तासाला खरंच कुठे होतं आणि त्याने पोलिसांना काय सांगितलं, हे दोन रंगांत भरा. जिथे रंग जुळत नाहीत तिथे तुमची प्रकरणं आहेत. हा कागद न करता लिहायला बसलेला लेखक साधारण विसाव्या प्रकरणात अडकतो: एकच माणूस एकाच वेळी चोपड्यात आणि जळगावात निघतो.

आता एक धागा जवळून पाहू. संशयित म्हणतो, "मी रात्रभर मळ्यात पाणी भरत होतो." शेजाऱ्याने मोटर चालू असल्याचा आवाज ऐकलाय. पण विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे: त्यात सिमकार्ड असतं, फोन किंवा मेसेज केला की मोटर सुरू होते. म्हणजे माणूस भुसावळच्या लॉजवर बसूनही मोटर चालवू शकतो. हे फोडायचं कसं? मोबाईल टॉवरची नोंद हा मार्ग आहे, पण तो आळशी मार्ग. खरा पुरावा ठिबकच्या कॉकमध्ये आहे. मोटर फोनवर चालू होते, पण साध्या ठिबकमध्ये एका प्लॉटचं पाणी दुसऱ्या प्लॉटला वळवायला कॉक हाताने फिरवावा लागतो. सकाळी बागेचा एक तुकडा चिखल झालाय आणि उरलेले तीन कोरडे ठाक. सहा तास मोटर चालली आणि कॉक एकदाही फिरला नाही, म्हणजे मळ्यात कुणी नव्हतंच.

हा पुरावा उपयोगी पडायचा तर वाचकाला तो आधीच दिसलेला हवा. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात एखादी मजूर बाई "इकडं निस्ता गारा झालाय" (गारा म्हणजे चिखल) म्हणून कुरकुरते, आणि त्याच परिच्छेदात तुम्ही दुसरंच काहीतरी ठळक ठेवता, समजा बांधावर सापडलेली चप्पल. वाचक चपलेमागे जातो. प्रत्येक महत्त्वाचा धागा उलगड्याआधी असा दोनदा तरी यायला हवा, आणि पहिल्यांदा येताना तो बिनमहत्त्वाचा वाटायला हवा. कॉक कसा चालतो हेही आधी कुठेतरी सहज सांगून ठेवा. शहरी वाचकाला ते माहीत नसतं, आणि शेवटी समजावून सांगितलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. गावातले फीडर सौरऊर्जेवर गेले असतील तर लाइट दिवसा मिळते आणि हा सगळा डाव कोसळतो, म्हणून कथेचं गाव आणि वर्ष आधी पक्कं करा.

केळीचा चीक हाही असाच देखणा धागा. ओला असताना पाण्यासारखा, वाळला की काळपट तपकिरी, आणि सुती कापडावरून धुतल्याने जात नाही. "मी बागेत गेलोच नाही" म्हणणाऱ्याच्या बाहीवर तो डाग पुरे.

संशयित पाच-सहा ठेवा, जास्त नकोत. आणि सगळ्यांना पाटील करू नका! गावात ते खरं असेल, पण वाचक गोंधळतो. गावाप्रमाणे टोपणनावं वापरा. बोली संवादापुरतीच: अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवागण बोली. दोन्हींची खिचडी केली तर खान्देशातला वाचक पहिल्या दहा पानांत पुस्तक मिटतो.

ऊन, डॉक्टर आणि पोलीस

"अंग गार पडलं होतं" हे वाक्य मे महिन्यातल्या भुसावळात चालत नाही. हवा ४४ अंशांवर असेल तर ३७ अंशांचं शरीर गार होणार कसं? ताठरपणाही उन्हाळ्यात लवकर येतो आणि लवकर ओसरतो, माशा काही तासांत अंडी घालतात. म्हणून डॉक्टर मृत्यूची नेमकी वेळ देत नाही, काही तासांचा अंदाज देतो. कथेला हा सैलपणा सोयीचाच आहे, त्यात दोन संशयित बसतात. व्हिसेऱ्याचा, म्हणजे तपासणीला पाठवलेल्या आतल्या अवयवांचा, अहवाल दुसऱ्या दिवशी आणू नका. त्याला आठवडे लागतात, कधी महिनेही.

प्रेत सापडलं की पोलीस पाटील ठाण्यात खबर देतो. मृत्यूचं कारण स्पष्ट नसेल तर आधी आकस्मात मृत्यूची नोंद होते, मग पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा, मग शवविच्छेदन, आणि घातपात दिसला की खुनाचा गुन्हा. मधल्या दोन-तीन दिवसांत पुरावे नाहीसे होतात आणि सगळे एकमेकांना भेटायला येतात. नवे लेखक हाच काळ उडी मारून टाळतात. १ जुलै २०२४ नंतर घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, त्याआधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं ३०२. रेल्वेहद्दीत रुळांवर प्रेत असेल तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे जातो, आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दलाकडे) नाही. प्रेत रुळालगतच्या खांबाच्या अलीकडे की पलीकडे, यावर दोन ठाण्यांची हद्दीची ओढाताण रंगवता येते.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या प्रकरणात होते. निरीक्षक टेबलावर हात आपटतो आणि आरोपी सगळं कबूल करतो. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. आरोपीने पंचांसमोर निवेदन दिलं आणि त्यातून विहिरीतला कोयता निघाला, तर निवेदनाचा तेवढा भाग चालतो. उलगडा त्या कोयत्यावर उभा करा.

लांबी साधारण ६०,००० शब्द ठेवा: दीड हजार शब्दांची ४० प्रकरणं. डेमी आकारात दोनशे पानांच्या आसपास पुस्तक होतं.

पुस्तक आल्यानंतर

खरं तर हे काम छपाईआधीच, करारावर सही करताना सुरू होतं. रॉयल्टी १० टक्के आणि किंमत ३०० रुपये धरली तर प्रतीमागे ३० रुपये. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण विकली तरी ३०,००० रुपये. नोकरी सोडू नका. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की सवलतीनंतरच्या रकमेवर, आणि हिशेब कोणत्या महिन्यात मिळणार, हे लेखी घ्या. हक्कांची मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते. ऑडिओ, अनुवाद आणि वेब मालिकेचे हक्क वेगळे ठेवा. रहस्यकथेत पैसा आला तर बहुधा तिथूनच येतो. लेखकाकडूनच छपाईखर्च मागणारा हा प्रकाशक नव्हे, छपाईची सेवा विकणारा दुकानदार आहे. त्याच्याशी त्याच हिशेबाने बोला. पहिल्या पुस्तकाला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतूनही हात मिळू शकतो, पण तिथे हस्तलिखित छापण्याआधी द्यावं लागतं.

प्रकाशन समारंभ मे महिन्यात नको: ऊन आणि लग्नसराई. दिवाळीनंतर ते जानेवारी बरं. प्रमुख पाहुण्यांना आठवडाभर आधी भेटून खुनी कोण हे व्यासपीठावरून सांगू नका अशी विनंती करा. हसण्यावारी नेऊ नका, विद्वान पाहुणे हमखास सांगतात. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय आणि तालुक्यांची ग्रंथालयं इथे प्रत स्वतः नेऊन द्या. रहस्यकथा विकत घेण्याआधी वाचनालयातून वाचली जाते, आणि तोंडी प्रसिद्धी तिथूनच सुटते.

गावात "तो सरपंच म्हणजे आपला अमकाच ना?" हे विचारलं जाणारच. उत्तर एकच ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या. हसून गप्प बसलात तर होकार समजला जातो.

वाचक चुकाही कळवतील: अमुक पॅसेंजर त्या स्टेशनवर थांबत नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गौराईची गाणी असतात, कानबाईची नाहीत. एक प्रत त्यासाठीच बाजूला ठेवा, पेन्सिलने समासात खूण करा, आणि दुसरी आवृत्ती छपाईला जाण्याआधी पानक्रमांकासह यादी प्रकाशकाला पाठवा. दुरुस्ती तेवढ्याच ओळींत बसवा. एक ओळ वाढली तरी पुढची पानं सरकतात आणि प्रकाशक ती दुरुस्ती तिसऱ्या आवृत्तीवर ढकलतो.