घरी बीपी मोजताना, आणि ऊसतोडीच्या फडावर निघताना

बीपी वाढलेलं माणसाला कळत नाही, हीच त्याची सगळ्यात मोठी अडचण. गावोगाव समज असा की डोकं दुखलं, घेरी आली म्हणजे बीपी वाढलं; आणि डोकं उतरलं की गोळी बंद. पण वरचा आकडा १७० असलेला माणूस दिवसभर रानात राबतो आणि त्याला काही म्हणता काही होत नाही. आत मात्र रक्तवाहिन्या कडक होत असतात, हृदयाचा डावा कप्पा जाड होत असतो, किडनी झिजत असते. म्हणून अंगाला काय वाटतं यावर जाऊ नका. मोजा.

यंत्र दंडावर पट्टा बांधायचं, बॅटरीवर चालणारं घ्या. मनगटावरची यंत्रं हात जरा वरखाली झाला तरी चुकतात, आणि मोबाईलवर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या अॅपवर गोळी ठरवू नका. घेताना पट्ट्याचं माप बघा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. यंत्रासोबत मिळणारा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागा. लहान पट्ट्याने आकडा ५ ते २० पर्यंत खोटाच वाढतो, आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी, मिसरी काही नको. लघवी करून या. तुंबलेल्या लघवीनेही आकडा चढतो. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. बाजेवर पाय लोंबकळत ठेवून किंवा खाली मांडी घालून मोजू नका. शेजारी स्टूल किंवा पेटी ओढा, तिच्यावर वाकळेची घडी ठेवा आणि तिच्यावर हात. पट्टा छातीच्या मध्याच्या रेषेत आला पाहिजे. कमी पडला तर आणखी एक घडी. हात खाली राहिला की आकडा वर जातो. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी हाताच्या आतल्या बाजूला. पट्ट्याखाली दोन बोटं सरकतील इतकाच आवळायचा. ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवली तर तीच दंडाला काचते. त्यापेक्षा सैल बाहीचं घालून बसा.

मग ५ मिनिटं गप्प. हे सगळ्यात अवघड जातं, कारण कुणीतरी दारात येतंच आणि बोलणं सुरू होतं. बोलता बोलता मोजलं तर आकडा १० ने वाढलेला दिसतो. पहिला आकडा लिहा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. सकाळी गोळीच्या आणि न्याहारीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सलग ७ दिवस. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना वही दाखवा. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची असते, कारण तिथे मन धास्तावलेलं असतं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, पुढे कायम तोच हात. यंत्रावर ठोके अनियमित असल्याचं चिन्ह वारंवार दिसलं तर ईसीजी काढा. अशा ठोक्यांत हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, आणि त्यावर वेगळं औषध लागतं.

यंत्र नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट मोजतात, गोळ्याही तिथे मिळतात.

मिठाचा हिशोब पाकिटावरून करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. चार माणसांच्या घरात एक किलोचं पाकीट ५० दिवस पुरलं पाहिजे. तुमच्याकडे तीन आठवड्यांत संपतं का, ते तारीख टाकून बघा. भाकरीच्या पिठात मीठ घालायची गरज नाही. मीठ जातं ते ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे यांतून. सैंधवही मीठच आहे. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय वापरू नका.

गोळीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आकडा १२५ आला म्हणजे आजार गेला असं नव्हे, गोळी काम करतेय. ती सोडली की काही दिवसांत आकडा पुन्हा जागेवर. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या तर एकदम तोडल्या की छातीत धडधड, दुखणं सुरू होऊ शकतं. अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो. असं झालं तर गोळी बदलून घ्या, बंद करू नका. पण सुजेसोबत आडवं झाल्यावर दम लागत असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं असेल, तर ती सूज कमजोर झालेल्या हृदयाची असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि वर जुलाब-उलट्या किंवा भरपूर घाम, तर बीपी फार खाली येतं. बसून मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने पडला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर डोस कमी करायचा का, ते डॉक्टरांना विचारा. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड अशाच पडण्यात मोडतं.

दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि बहुतेकांची गोळी तिथेच तुटते. निघायच्या आधी कागदावर गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहून त्याचा मोबाईलवर फोटो काढा. आरोग्य केंद्रातून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, उरलेल्यांसाठी फडाजवळचं केंद्र मुकादमाला विचारून ठेवा. गोळ्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत नकोत. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, सावलीला, डब्यात. आणि अंगदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. त्यांनी बीपी वाढतं, पाणी कमी पडलेल्या शरीरात किडनीलाही मार बसतो. पोटुशी असेल तर टेल्मिसार्टन, रामिप्रिल चालत नाही. दिवस गेल्याचं कळताच गोळी बदलून घ्यायची.

आकडा १८०/१२० च्या वर आला तर घाबरून बीपी उतरवायची कॅप्सूल फोडून जिभेखाली देऊ नका; दाब एकदम कोसळला की मेंदूचं रक्त तुटतं. ५ मिनिटं शांत बसवा, पुन्हा मोजा. त्रास काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण छातीत दाबल्यासारखं, घाम, दम, तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं, यातलं एक जरी असेल तर आकड्याची वाट न बघता १०८ लावा. गावाचं नाव सांगताना जवळचा फाटा आणि तालुकाही सांगा, आणि कुणाला तरी बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा.