आखाजीच्या दुपारी हाउजी कशी खेळवावी

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि आमरस-पुरणपोळीचे जेवण झाले की वैशाखाची लांबलचक दुपार उरते. त्या दुपारी अनेक गावांत पत्त्यांच्या डावात पैसा जातो. त्यापेक्षा आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एका ओसरीवर बसवणारी, पैसे न लावता खेळलेली हाउजी मला कितीतरी बरी वाटते. हाउजीत पुकारलेला आकडा आपल्या तिकिटावर असला तर त्यावर खूण करायची असते.

हा खेळ मुळातच सणाला घरी बसून खेळण्याचा आहे. इटलीतील नेपल्समध्ये १७३४ साली लोट्टोची, म्हणजे आकड्यांच्या लॉटरीची, सोडत सरकारी झाली. मात्र नाताळच्या आठवड्यात ती बंद राही, म्हणून लोकांनी ९० आकडे टोपलीत घालून घरोघरी ‘तोंबोला’ सुरू केला, असे तेथे सांगतात. हाउजीला आपण ‘तंबोला’ही म्हणतो, तो शब्द त्यावरूनच आला. अमेरिकेत एडविन लो यांनी १९२९च्या सुमारास जॉर्जियातील जत्रेत ‘बीनो’ पाहिला, ज्यात आकड्यांवर घेवड्याचे दाणे ठेवत, आणि पुढे त्यांनी तो ‘बिंगो’ नावाने बाजारात आणला. अमेरिकी बिंगोचे तिकीट पाच बाय पाच घरांचे आणि आकडे ७५ असतात. आपल्या हाउजीत, ब्रिटनप्रमाणेच, ९० असतात.

तिकीट हाताने करताना तीन आडव्या ओळी आणि नऊ उभे रकाने आखावेत. आधी प्रत्येक ओळीत पाच घरांवर खूण करावी, एकही रकाना रिकामा राहू देऊ नये आणि मगच आकडे भरावेत: पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असे करत शेवटच्यात ८० ते ९०. रकान्यातले आकडे वरून खाली चढते असावेत. खुणेसाठी चिंचोके घ्यावेत, कारण ज्वारीचे दाणे पंख्याच्या वाऱ्याने हलतात.

खरी कसोटी आकडे पुकारणाऱ्याची असते. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, त्यामुळे ‘त्रेसष्ट’ ऐकून मुले ३६ शोधू लागतात, आणि एकोणसाठ व एकोणसत्तर यांत तर मोठ्यांचीही गफलत होते. म्हणून आकड्याची चिठ्ठी काढल्यावर ‘सहा तीन, त्रेसष्ट’ असे दोनदा, सावकाश म्हणावे आणि लगेच १ ते ९०च्या तक्त्यावर तो आकडा खोडावा. खेळापूर्वी चिठ्ठ्या मोजून घ्याव्यात.

पहिले पाच (तिकिटावरचे कोणतेही पाच आकडे), चार कोपरे (वरच्या व खालच्या ओळीतले पहिले आणि शेवटचे आकडे), तिन्ही ओळी आणि फुल हाउस (तिकिटावरचे सर्व आकडे) एवढी बक्षिसे पुरेत. पुढचा आकडा पुकारण्याआधी दावा करावा लागेल आणि खोटा दावा ठरल्यास तिकीट बाद होईल, हे आरंभीच सांगावे. एकाच आकड्यावर दोघे जिंकू शकतात, त्यामुळे केळीची फणी किंवा उन्हाळ्यात केलेले पापड-कुरडया असे वाटून घेता येईल तेच बक्षीस ठेवावे.